भिंतीवरचा मुधोळ



ज्या शाळेच्या ओसरीवर मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो, त्याच शाळेत गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, शेतीवर, हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावर अधिकारी माणसे बोलून गेली. मी चित्रकलेचा एक निवृत्त शिक्षक. चित्राविषयी बोलावे एवढाच माझा अधिकार. म्हणून एक चित्र सोबतच घेऊन आलो आहे. ते येथे मेजावर ठेवले आहे. मागच्या रांगेतील मंडळींना दिसत नसेल, तर सांगतो : ते एका कुत्र्याचे चित्र आहे.

हसू आले असेल तर हसून घ्या. स्मृतिव्याख्यानाला कुत्र्याचा विषय शोभतो का, अशी शंका मलाही आली होती. पण गुरुजींची आणि माझी खरी ओळख एका कुत्र्यामुळेच झाली. ती हकीकत पुढे येईल.

हे छापील चित्र मुधोळ जातीच्या कुत्र्याचे आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने मला निवृत्तीच्या वेळी भेट दिले. कुत्रा आडवा, एका बाजूने दाखवलेला आहे. लांब निमुळते तोंड, खाली पडलेले कान, खोल छाती, कमरेपाशी एकदम वर चढलेले पोट, सडपातळ लांब पाय. मागे काहीच नाही. ना शेत, ना माणूस, ना सावली. 9 जानेवारी 2005 रोजी भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली : हिमालयातील मेंढपाळी कुत्रा, रामपूर, राजपालयम आणि आपला मुधोळ. तेव्हापासून अशी चित्रे घरोघर दिसू लागली.

कुत्र्याला असे आडवे उभे करून रंगवण्याची रीत मूळची आपली नव्हे. विलायतेत 1873 साली केनेल क्लब स्थापन झाला, प्रदर्शने भरू लागली, जातींची मापे लिहिली गेली. चित्रही मापाच्या सोयीचे झाले. खांदा किती उंच, पाठ किती लांब, शेपूट कोठे वळते, हे एका नजरेत दिसावे. बाजारात बैल पारखताना आपण त्याच्या बाजूलाच उभे राहतो, तसे. अशा चित्रात जात पुरी दिसते. प्राणी मात्र दिसेलच असे नाही.

आपल्या घरांतील भिंतींवर याच्याही आधीपासून कुत्रे होते. माझ्या लहानपणी आमच्या देवघराशेजारी दोन तसबिरी होत्या. एक दत्तात्रेयांची. मागे गाय, पायांशी चार कुत्री. आजी सांगे, हे चार वेद. वेदांना कुत्र्याचे रूप का दिले असावे, हा प्रश्न मी तिला विचारला होता. तिने उत्तर दिले नाही. पण दारात आलेल्या कुत्र्याला हाकलू मात्र दिले नाही. गाणगापूर येथून दूर नाही. तेथे माधुकरीच्या वेळी दत्तमहाराज कोणत्याही रूपाने येतात, ही श्रद्धा तिच्या हाडीमाशी होती.

दुसरी तसबीर खंडोबाची. घोड्यावर देव, पुढे म्हाळसा, खाली मणी आणि मल्ल, आणि घोड्याच्या पायांजवळून दैत्यावर झेपावणारा कुत्रा. त्या कुत्र्याला शांतपणा ठाऊक नाही. तो कामावर आहे. आपल्या भालकी तालुक्यातच खानापूरचा मैलार मल्लण्णा आहे. महाराष्ट्रातील वाघ्ये आणि कर्नाटकातील गोरव हे या देवाचे उपासक स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. विशिष्ट विधीत ते कुत्र्यासारखे भुंकतात, कोटंब्यातील अन्न कुत्र्यासारखे तोंडाने खातात. एरवी आपल्या भाषेत ‘कुत्रा’ ही शिवी आहे. येथे माणूस तीच शिवी अंगावर घेऊन देवाच्या दारात उभा राहतो. मराठी आणि कानडी, दोन्ही बोलींत तो एकाच देवाला हाक मारतो, हेही ध्यानात घ्यावे.

आणखी एका कुत्र्याचे चित्र आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी शेकडो वेळा पाहिले आहे. ग्रामोफोनच्या तबकडीवरचे, कर्ण्यापुढे कान देऊन बसलेले. त्या कुत्र्याचे नाव निपर. फ्रान्सिस बरॉ या इंग्रज चित्रकाराने त्याचे चित्र काढले, तेव्हा निपर मरून गेलेला होता. तो अमुक शुद्ध जातीचा नव्हता. जगभर छापला गेला, आणि स्वामिनिष्ठेचे चिन्ह होता होता त्याचे नाव पुसले गेले.

आता मुधोळकडे वळतो. मुधोळ हे आजच्या बागलकोट जिल्ह्यातील गाव, पूर्वीचे घोरपडे घराण्याचे संस्थान. या घराण्याची परंपरा असे सांगते, की ‘घोरपडे’ हा किताब त्यांच्या पूर्वजाला पंधराव्या शतकात बहमनी सुलतानाने दिला. त्या वेळी बहमनींची राजधानी आपले बीदर होती. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी कुत्र्यांची ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली, असे सांगतात. पश्चिम आणि मध्य आशियातील वाऱ्यासारखी धावणारी कुत्री व्यापारी तांड्यांबरोबर दख्खनमध्ये आली, म्हणून याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. कान-शेपटीवर लांब रेशमी केस असले तर पश्मी. एक श्वानसंस्था त्याची नोंद ‘कारवान’ म्हणून करते, दुसरी ‘मुधोळ’ म्हणून. आणि त्यावर वाद चालतो. 1 नोव्हेंबर 1956 नंतर आपल्या स्वतःच्या ओळखीवर इतके वाद ऐकलेल्या आम्हा सीमाभागातील लोकांना एका कुत्र्याला दोन नावे असल्याचे नवल ते काय वाटणार?

या कुत्र्याचा स्वभाव लोक ‘निष्ठावान’ या एका शब्दात संपवतात. ते पुरेसे नाही. हा वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारा कुत्रा आहे. दूरवर हललेले गवत त्याला दिसते. परक्याचा हात अंगावर त्याला खपत नाही. तो लाळघोटेपणा करीत नाही, उगाच भुंकत नाही. घरातील एखाद्याच माणसाला आपले मानतो, तेही मोजून. धनगराच्या किंवा शेतकऱ्याच्या घरी ज्वारी-मक्याच्या पिठावर आणि दुधावर वाढतो. अंगावर चरबी नाही, केस आखूड. थंडी त्याला सोसत नाही. आणि धावणे हे त्याचे काम.

ते काम 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कायद्याने बंद झाले. सशाची शिकार हा गुन्हा ठरला. तो ठरला हे योग्यच झाले. माझी तक्रार नाही. पण ज्याचे काम संपले, त्याची तसबीर भिंतीवर चढते, हे मी माणसांच्या बाबतीतही पाहिले आहे. पुढे या जातीला पुन्हा काम मिळावे म्हणून प्रयत्न झाले. आपल्या बीदरच्याच पशुवैद्यकीय विद्यापीठाने मुधोळजवळ तिम्मापूर येथे श्वान संशोधन केंद्र काढले. 2016 साली मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणाला गेली. 2020 साली पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशी कुत्री पाळण्याचे आवाहन केले, तेव्हा मुधोळचे नाव घेतले. मागणी वाढली. त्या मागणीत मीही होतो, ही कबुली आज द्यावयाची आहे.

हे चित्र रोज पाहून मला वाटू लागले, की असा कुत्रा आपल्या घरी असावा. मी एक पिल्लू आणले. सोलापुरात माझे घर दुसऱ्या मजल्यावर. तीन खोल्या आणि एक गॅलरी. पिल्लाचे नाव बाजी ठेवले. पहिले सहा महिने कौतुकात गेले. येणारे-जाणारे म्हणत, ‘अगदी चित्रासारखा दिसतो हो!’ मी त्याला चित्रासारखे उभे करून दाखवीत असे. मग तो वाढला. सकाळ-संध्याकाळ साखळीला धरून अर्धा-अर्धा तास गल्लीत फिरवणे, याला मी व्यायाम समजत होतो. तो भिंतीकडे तोंड करून पडू लागला. पट्ट्याखालचे केस झडले, कातडी सोलवटली. पाहुण्याने डोक्यावर हात ठेवला की दात दाखवी, आणि मी त्याला मारीत असे. होय, मारीत असे. पशुवैद्यांनी मलम दिले आणि शांतपणे विचारले, ‘सर, हा धावतो कोठे?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते.

चौदा महिन्यांनी मी त्याला भालकीकडील एका शेतकऱ्याच्या स्वाधीन केले. वर्षभराने पाहायला गेलो. हरभरा काढून झाला होता, रान मोकळे होते. शेतकऱ्याने शीळ घातली आणि बांधाच्या टोकावरून बाजी सुटला. मित्रांनो, मी तीस वर्षे मुलांना प्राण्यांची रेखाटने शिकवली, पण त्या दिवशी मला त्या पोटाचा अर्थ कळला. चित्रात वर चढलेले पोट आपण डौल म्हणून पाहतो. धावताना मागचे पाय त्याच पोटाखालून पुढे येतात आणि पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. ती जागा पायांसाठी आहे! एका झेपेत तो दोनदा पूर्ण अधांतरी होतो : एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा ते पुरते पसरलेले असताना. मुलांना शिकवताना मी ते पोट नेहमी ‘एक सुंदर वक्ररेषा’ म्हणून फळ्यावर काढीत आलो होतो.

तो शेतकऱ्यापाशी येऊन थांबला. माझ्याकडे पाहिले, त्याने मला ओळखले, यात शंका नाही. पण आला नाही. मीही हाक मारली नाही.

त्यानंतर मी बंगळूरला गेलो असता तेथील सरकारी वस्तुसंग्रहालयात एक शिळा मुद्दाम पाहिली. मंड्य जिल्ह्यातील आतकूर गावची, इसवी सन 949-50 ची. लेख जुन्या कन्नडमधील. तेव्हा राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण राज्य करीत होता. त्याची राजधानी आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव झाला. त्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीराला बक्षीस माग असे सांगण्यात आले. त्याने ना गाव मागितले, ना सोने. त्याने ‘काळि’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे तो कुत्रा एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. त्या कुत्र्यासाठी ही शिळा उभी केली, जमीन तोडून दिली, आणि शिळेची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये असा दंडक घातला. लेखात त्या पुजाऱ्याला ‘गोरव’ म्हटले आहे.

शिळेवर कुत्रा आणि डुक्कर कोरले आहेत. कोरीव काम फार नाजूक नाही. माझ्या या छापील चित्राइतके ते प्रमाणबद्धही नाही. पण तो कोणी एक कुत्रा आहे. त्याला नाव आहे, त्याने काय केले ते लिहिले आहे, तो कोणाचा होता तेही लिहिले आहे. ‘कोणती जात’ हे मात्र कोणी लिहिले नाही.

आणि येथेच मला गुरुजी आठवले. मी सहावीत होतो. गुरुजींनी ‘कुत्रा’ हा विषय चित्रासाठी दिला. मी अंकलिपीतला, दोन्ही कान ताठ असलेला कुत्रा झटकन काढून नेला. गुरुजींनी चष्मा वर केला.

‘का रे, हा कोणता कुत्रा?’

ओसरीवर नेहमी निजणाऱ्या कुत्र्याचे नाव मी सांगून टाकले. ‘मोत्या आहे, गुरुजी.’

‘मोत्याचा डावा कान फाटलेला आहे. बाहेर जा, त्याच्यासमोर बस, आणि मग काढ.’

मी तासभर मोत्यासमोर बसलो. तो मध्येच उठून गेला, मी त्याच्यामागे गेलो. चित्र वाईट आले. गुरुजींनी ते वर्गात लावले.

हे मुधोळचे चित्र मी आज शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाला देत आहे. चित्र चांगले आहे. शरीररचना शिकण्यास उपयोगी पडेल. सोबत एक छोटी ठेव शाळेच्या स्वाधीन करतो. तिच्या व्याजातून दरवर्षी मुलांना कागद आणि रंग मिळावेत, आणि त्यांनी मेहकरातील एखाद्या कुत्र्यासमोर बसून त्याचे चित्र काढावे, अशी विनंती आहे. चित्राखाली कुत्र्याचे नाव लिहिलेले असावे, एवढीच अट. बिननावाचा असेल तर मुलाने त्याला नाव द्यावे.

पहिले चित्र मीच काढून आणले आहे. तेही येथे मेजावर आहे. आठवणीतून काढले, म्हणजे गुरुजींचा नियम मोडला. पण डावा कान फाटलेलाच ठेवला आहे.