गाडीभाडं उत्पन्नात धरायचं का?

आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणी आता दुसऱ्या तालुक्यांत शिकवायला जातात. कुणी शेळीपालन शिकवते, कुणी लोणची-मसाले. बोलावणारी संस्था मानधन देते, गाडीभाडं देते, आणि वर्षाखेरीस कळतं की दहा टक्के टीडीएस कापला, तोही भाड्यासकट. मग बैठकीत हमखास प्रश्न येतो, "ताई, भाडं तर एसटीला गेलं, ते माझं उत्पन्न कसं?"

संस्थेनं तिकीट स्वतः काढून दिलं असेल, तर प्रश्नच नाही. ते पैसे आपल्या हातात येतच नाहीत. पण मानधन आणि भाडं एकाच बिलात लिहिलं, तर आयकर खात्याच्या १९९५ च्या परिपत्रकाप्रमाणे संस्था पूर्ण बिलावर टीडीएस कापते. म्हणून आम्ही गटात दोन बिलं करायला सांगतो. एक मानधनाचं, दुसरं प्रवासाचं, सोबत तिकिटं जोडलेली.

आणि एसटीत १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, हे विसरायचं नाही. ७० रुपये मोजले तर ७०च मागायचे. १४० चं बिल लावलं तर वरचे ७० भाडं नव्हे, कमाई झाली. शिवाय खोटं बिल ते खोटंच.

आता एकत्रच पैसे आले असतील तर काय करायचं? समजा, एका संस्थेकडून वर्षभरात मानधन ५४,००० आणि भाडं ११,००० मिळून ६५,००० झाले, त्यातून ६,५०० कापले गेले. आयकराच्या पोर्टलवर २६ एएसमध्ये ६५,००० दिसणार. विवरणपत्रात आपण ५४,०००च लिहिले तर आकडे जुळत नाहीत, विचारणा येऊ शकते. म्हणून जमेला पूर्ण ६५,००० धरायचे, खर्चाला ११,००० दाखवायचे. उरले ५४,०००. गटाची रोकडवही लिहिणारीला हे काही नवीन नाही. फक्त कर सल्लागारानं ठरावीक टक्क्यांच्या अंदाजित पद्धतीनं विवरणपत्र भरलं, तर भाडं वेगळं वजा होत नाही. त्या टक्क्यांत सगळा खर्च आलेला असतो. आधी विचारून घ्या.

एवढीच कमाई असेल तर कर शून्य. म्हणजे ते ६,५०० आपलेच, पण विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाहीत. "कर नाही तर भरू कशाला," म्हणून कितीजणी ते सोडून देतात, याचं आम्हाला वाईट वाटतं. संस्थेला पॅन आधीच द्या, नाहीतर दहाऐवजी वीस टक्के कापतात.

एक राहिलं. मशिनच्या तिकिटावरची शाई काही महिन्यांत उडते. घरी पोचल्यावर लगेच मोबाइलवर फोटो काढा, आणि वहीत तारीख, गाव, रक्कम लिहून ठेवा.