तीन पैशांचा हिशेब



जुने नाटक पुन्हा उभे करणे म्हणजे पात्रांच्या हाती मोबाईल देणे नव्हे. 1728 साली लंडनमध्ये जॉन गे यांचा ‘बेगर्स ऑपेरा’ रंगभूमीवर आला. 1928 साली बर्लिनमध्ये ब्रेख्तने त्याच कथेतून भांडवलशाहीचे स्वरूप उघडे केले. 1978 साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ने ती मराठी मातीत रुजविली. प्रत्येकाने कथा घेतली, हिशेब मात्र आपल्या काळाचा मांडला.

ब्रेख्तचा पीचम भिकाऱ्यांना पोशाख देतो, हद्द नेमून देतो आणि मिळकतीतला वाटा घेतो. आज घरपोच जेवण पोहोचविणारा तरुण कंपनीचा सदरा घालतो. वाहन त्याचे, पेट्रोल त्याचे. काम आणि दर मात्र कंपनी ठरविते. तिच्या लेखी तो कामगार नव्हे, ‘भागीदार’!

तो भिकारी नव्हे, श्रमिक आहे. शिवाय ब्रेख्तचा पीचम दुकानात समोर उभा असे. आजचा मालक पडद्याआड आहे. त्याला रंगमंचावर ओढून आणणे, हेच आजच्या रूपांतराचे खरे काम होय. आपल्या कलापथकांनी ते अंगावर घ्यावे आणि पहिला प्रयोग या तरुणांसमोरच करावा.