मशीन लावली, तरी झोप का लागत नाही?



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी सातवी शिकलेली, घरसंसारातली बाई. व्याख्यान मला येत नाही. तेव्हा जे अंगावरून गेले तेच सांगते.

दोन वर्षांमागे मला दिवसा फार पेंग येई. तूर निवडता निवडता सुपावर मान पडे. सकाळी डोके जड, रात्री माझ्या घोरण्याने घर जागे. सासूबाई म्हणत, "काहून व, कामाचा कंटाळा आला काय?" मलाही वाटे, आपणच आळशी झालो. शेवटी अमरावतीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक रात्र अंगाला तारा लावून झोपवले. तासाला ३८ वेळा माझा श्वास अडत होता!

डॉक्टरांनी समजावले, की झोपेत घसा सैल पडून वाट मिटते, श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबतो, मग मेंदू दचकून उठवतो. आपल्याला मात्र पत्ता नसतो. तासाला ५ च्या आत असले तर चिंता नाही, ३० वर गेले की दुखणे भारी. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ साली मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी ह्याच दुखण्याचे नाव घेतले होते. हे पुरुषांचेच दुखणे असेही नाही. पाळी गेल्यावर बायकांतही ते वाढते.

उपाय म्हणजे सीपॅप मशीन. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन ह्यांनी १९८१ साली तो जगापुढे मांडला. मशीन नाकावाटे हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवते. कपाशी विकून आम्ही ती आणली. सासूबाई म्हणाल्या, "हे गणपतीची सोंड काहून लावली व?" सारे हसले, मीही हसले.

पण बायांनो, झोप काही आली नाही. तोंड कोरडे पडे, हवा डोळ्यांत जाई, दोन वाजता जाग येई ती उजाडेपर्यंत. कपाशीच्या पैशाची वस्तू. झोप येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? सहा महिने मी "बरी आहे" म्हणत राहिले. ही माझी चूक.

पुन्हा गेले तेव्हा डॉक्टरांनी मशीनमधली नोंद पाहिली. श्वास अजून तासाला १६ वेळा अडत होता. मास्क मोठा होता, कडेने हवा गळत होती. कापसाच्या धुळीने नाक चोंदून मी तोंड उघडे टाकत होते. मास्क बदलला, हवा ओलसर करणारे भांडे लावले, नाकाचे औषध दिले. आकडा ४ वर आला. रक्त तपासले तर लोह कमी. रात्री पाय वळवळत ते त्यापायी. गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, असे बजावले.

मग डॉक्टरांनी विचारले, "दोन वाजता कशाने जाग येते?" मला रडू आले. शेताची लाईन रात्री येते. हे हरभऱ्याला पाणी द्यायला जातात, आणि साप, विंचू, विजेची तार ह्यांच्या धास्तीने मी फाटकाकडे कान लावून पडते. त्याला कोणती मशीन पुरणार? घरी मी ते प्रथमच बोलले. आता मुलगा सोबत जातो, आणि मोटर लागली की फोन येतो.

आजही पुरती झोप नाही. सलग पाच तास लागते. लाईन गेली की मशीनही बंद पडते. पण दिवसा सुपावर मान पडत नाही.

म्हणून विनंती आहे. घोरणाऱ्या बाईला हसू नका, पेंगणारीला आळशी म्हणू नका. मशीन असूनही झोप नसेल तर लाजून ती कोपऱ्यात ठेवू नका, डॉक्टरांकडे परत जा. आपले कौंडण्यपूर रुक्मिणीमातेचे माहेर. माहेरी आलेल्या लेकीला आपण पोटभर झोपू देतो. घरातल्या सुनेलाही तेवढे द्यावे.

एवढे बोलून मी खाली बसते.