वाफेच्या सिगारेटचं गिऱ्हाईक



सिगारेट सोडू पाहणाऱ्यांशी बोलणं हे माझं काम. त्यांतला एखादा हमखास विचारतो, ‘ई-सिगारेट आणून देणारा एक जण ओळखीचा आहे. घेऊ का?’ मी उलट विचारतो, ‘तिच्याकडून तुम्हाला हवं काय?’ उत्तरं बहुधा तीच असतात. बोटांना आणि ओठांना चाळा हवा, झुरका घशाला जरा कडक लागायला हवा, तलफ लगेच भागायला हवी. मात्र कपड्यांना वास नको, घरच्यांची बोलणी नकोत.

ही मागणी अवाजवी नाही. २००३च्या सुमारास ई-सिगारेट घडवणारे चिनी औषधतज्ज्ञ होन लिक स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेले होते. त्यांचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. आजचं यंत्र साधं असतं. बॅटरीवर एक तार तापते आणि निकोटिन, ग्लिसरीन, स्वाद वगैरेंच्या द्रवाची वाफ होते. तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर टळतं. सिगारेट सोडायला निकोटिनच्या च्युइंगगमपेक्षा तिचा उपयोग अधिक जणांना होतो, असं कॉक्रेन या संस्थेचे आढावे सांगतात. पण निकोटिनची सवय राहतेच.

आता पुढचं ऐका. पहिला झुरका घेणाऱ्याला ठसका लागतो. तो ठसका म्हणजे दारावरचा राखणदारच! अमेरिकेत २०१५ साली ‘जूल’ आली. तिने निकोटिनचे क्षार वापरले, त्यामुळे निकोटिन भरपूर असूनही झुरका सौम्य झाला. वर आंब्याचा स्वाद आणि पेन ड्राइव्हसारखा आकार. सुटू पाहणाऱ्या प्रौढाला जे हवं होतं, तेच दप्तरात लपवणाऱ्या मुलालाही सोयीचं ठरलं. २०१८च्या अखेरीस तिथल्या सर्जन जनरलनी मुलांमधल्या या प्रकाराला साथ म्हटलं. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडणाऱ्यांना सरकारी योजनेतून ही साधनं दिली जातात. तरी एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटींवर तिथेही जून २०२५पासून बंदी आहे.

आपल्याकडे २०१९च्या कायद्याने विक्री, आयात, साठा, जाहिरात सगळंच बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मग बिडी कशी चालते?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. पण त्याच्या उत्तरासाठी चोरट्या मालाचे झुरके घ्यायची गरज नाही.

गिऱ्हाईक स्वाद पाहतं, किंमत पाहतं, दिसणं पाहतं. आत काय आहे आणि किती, हे मात्र पाहत नाही. चोरट्या मालात ते पाहायची सोयही नसते. अमेरिकेत २०१९-२०मध्ये अशा वाफेने फुफ्फुसं निकामी होऊन २,८००हून अधिक जणांना रुग्णालय गाठावं लागलं किंवा प्राण गमवावे लागले; मृतांचा आकडा ६८ होता. मुख्य संशय होता तो गांजाच्या अर्काच्या बेकायदा कुप्यांवर. त्यांत ‘ई’ जीवनसत्त्वाचं ॲसिटेट मिसळलेलं होतं.

म्हणून ‘घेऊ का?’ला माझं उत्तर ‘नको’ असंच असतं. पण मी तिथे थांबत नाही. तुम्हाला खरी हवी आहे ती तलफेतून सुटका. त्यासाठी औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, डॉक्टर आहेत, आणि १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. क्रमांक लिहून घ्या. स्वतःसाठी नसेल, तर शेजाऱ्यासाठी.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)