सेडान की एसयूव्ही?

घरात दुसरं बाळ आलं की छोटी गाडी अपुरी पडू लागते, आणि चर्चा सेडान की एसयूव्ही इथे येते. आधी किमतीचं बघू. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीवर २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. ही सवलत छोट्या सेडानलाही मिळते आणि छोट्या एसयूव्हीलाही.

घरात आजी-आजोबा असतील तर माझं मत एसयूव्हीकडे झुकतं. सेडानची सीट खाली असते. दुखऱ्या गुडघ्यांनी उठताना दाराला धरावं लागतं. मात्र फार उंच गाडीत चढणंही अवघडच. पावसाळ्यातले खड्डे, गावाकडचे गतिरोधक, इथेही उंची कामाला येते. पण आंबोलीसारख्या घाटात उंच गाडी वळणावर जास्त कलते, आणि मागे बसलेल्या मुलांना मळमळतं. तिथे सेडान स्थिर. महामार्गावर तिला हवेचा अडथळा कमी, त्यामुळे सहसा इंधनही कमी लागतं.

सात सीटच्या मोहात पडण्याआधी तिसरी रांग उभी करून डिकी उघडा. बऱ्याच गाड्यांत दोन-तीन पिशव्यांपुरतीच जागा उरते! गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या भारत एनकॅपच्या निकालात मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे दिलेले असतात, तेही बघा. आणि चाचणी फेरीला बाळाची सीट सोबत न्या. ती बसवल्यावर शेजारी कोण मावतं, ते तिथेच कळेल.