सक्तीचे धर्मांतर आणि खरी ख्रिस्तश्रद्धा



बळजबरीने केलेले धर्मांतर खऱ्या ख्रिस्ती श्रद्धेशी सुसंगत ठरते काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. दुसऱ्याच्या धर्माचा न्याय आपल्या मापाने करणे अनेकांताला धरून होणार नाही. म्हणून ख्रिस्ती धर्माचेच माप हाती घेऊन या प्रश्नाचे उत्तर शोधणे उचित ठरेल.

प्रथम येशूचे आचरण पाहावे. एक धनिक तरुण त्याच्याकडे मार्ग विचारावयास आला. उत्तर न मानवल्याने तो खिन्न होऊन परतला. येशूने त्याला अडविले नाही. एका शोमरोनी गावाने त्याला आश्रय नाकारला, तेव्हा गावावर आकाशातून अग्नी पाडावा असे दोघा शिष्यांना वाटले. येशूने त्या शिष्यांचीच कानउघाडणी केली. पुढे अनेक अनुयायी सोडून गेले, तेव्हा उरलेल्या बारा जणांनाही त्याने, तुम्हालाही जावयाचे आहे काय, असे विचारले. येण्याइतकेच जाण्याचेही दार त्याने उघडे ठेवले होते.

हे दार पुढे राजसत्तेने बंद केले. फ्रँक राजा शार्लमेन याने इ. स. ७७२ पासून सॅक्सन लोकांशी दीर्घ युद्ध केले. ७८२ मध्ये व्हर्डेन येथे ४,५०० सॅक्सनांचा शिरच्छेद झाल्याची नोंद राजदरबाराच्याच बखरीत आहे. त्याच सुमारास, बाप्तिस्मा टाळून लपून राहणाऱ्यास देहदंड, असा कायदाही झाला. याला विरोध केला तो राजाचाच विद्वान सल्लागार आल्क्विन याने. ७९६ मधील त्याच्या पत्रांचा आशय असा की, श्रद्धा ही इच्छेची बाब आहे; माणसाला पाण्यात उतरविता येते, परंतु त्याच्या अंतःकरणात श्रद्धा बळाने उतरविता येत नाही. ७९७ मध्ये राजाने सॅक्सनांसाठी सौम्य कायदा केला. टीकाकार बाहेरचा नव्हता. तो ख्रिस्ती धर्मपंडितच होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी, मेजवानीस लोकांना आग्रहाने आत आणण्याच्या एका दृष्टान्ताचा आधार घेऊन, फुटून निघालेल्या ख्रिस्ती पंथीयांवरील राजदंडाचे समर्थन केले. स्पेनमध्ये राजा सिसेबुत याने सातव्या शतकाच्या प्रारंभी यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावयास लावला. ६३३ मध्ये टोलेडो येथील धर्मपरिषदेने यापुढे सक्ती करू नये असे ठरविले. परंतु ज्यांच्यावर ती आधीच झाली होती त्यांना ख्रिस्तीच राहावे लागेल, असाही निर्णय दिला.

खरी मेख येथे आहे. व्यापारी मंडळींना भारतीय करार कायदा, १८७२ ठाऊकच आहे. जबरदस्तीने संमती घेतलेला करार रद्द करण्याचा अधिकार, ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याला असतो. चार पैशांच्या व्यवहारात जो न्याय मिळतो, तो आत्म्याच्या व्यवहारात नाकारला गेला. सक्ती केवळ आत ढकलण्यात नसते. बाहेर पडण्याची वाट बंद करण्यातही असते.

आपल्या शेजारच्या गोमंतकात हेच घडले. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन सुरू झाले आणि, मधला अल्पकाळ वगळता, १८१२ पर्यंत चालले. बाप्तिस्मा घेतलेल्याने जुने आचार गुप्तपणे पाळले तर तो अपराध ठरे. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने धाक दाखवून कोणास ख्रिस्ती करणे योग्य नाही असे म्हटले. त्याच राजवटीत हिंदूंची देवळे पाडली गेली आणि अनाथ मुले बाप्तिस्म्यासाठी ताब्यात घेतली गेली. मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गेला केळशीहून कवळ्यास, पोर्तुगीज हद्दीबाहेर, न्यावे लागले ते याच काळात. त्याच भूमीत फादर स्टीफन्स यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. ओवी ऐकणाऱ्याला ती नाकारता येते. फर्मान नाकारता येत नाही.

सर्वच धर्मांतरे सक्तीची होती असे मात्र नव्हे. तसेच, पूर्वजांवर बळ झाले म्हणून आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा खोटी ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मनोभावे जपलेली ती त्यांची स्वतःची श्रद्धा आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या अन्यायाचा जाब शेजाऱ्याला विचारणे, किंवा त्याला धाकाने ‘परत’ आणू पाहणे, ही त्याच अन्यायाची पुनरावृत्ती ठरेल.

७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धार्मिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळ वापरू नये, हे त्यात स्पष्ट केले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली अनुचित साधने वापरली गेल्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती धर्मपीठानेच दिले आहे: सक्तीचे धर्मांतर ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. उशीर झाला, पण उत्तर निःसंदिग्ध आहे.

हे माप सर्वांनाच लागू पडते. अणुव्रतही स्वेच्छेने स्वीकारले तरच व्रत ठरते. दुसऱ्याने लादले की तो केवळ निर्बंध उरतो. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक जेथे असते, तेथेच ‘होय’ या शब्दाला मोल असते. धर्म कोणताही असो, त्याच्या अनुयायांनी आपले दार या दृष्टीने वरचेवर तपासून पाहावे, एवढीच विनंती. जय जिनेंद्र!