काचेच्या टाकीतले पाणी बदलताना



आज मी माशांविषयी बोलणार आहे. पण नदीतल्या किंवा तळ्यातल्या नव्हे, तर वर्गाच्या खिडकीशी नाही तर घराच्या कोनाड्यात ठेवलेल्या काचेच्या टाकीतल्या माशांविषयी. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्यखात्याची माणसे गावात गप्पी मासे सोडतात. त्यांतले चार-दोन मागून आणले की झाली टाकी सुरू.

आमच्या वर्गातही अशी टाकी होती. डिसेंबर महिना होता. पाणी हिरवट दिसू लागले, म्हणून एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आणि चार मुलांनी मिळून ती लख्ख धुतली. मासे तपेलीत काढले, वाळू धुतली, काच घासली आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे परत सोडले. सोमवारी दार उघडून पाहतो तो अकरा मासे उलटे तरंगत होते. एका मुलीने विचारले, "गुरुजी, घाण पाण्यात ते जगत होते, मग चांगल्या पाण्यात कसे मेले?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

आपले शरीर थंडी असो की ऊन, आतून ३७ अंशांच्या आसपास राहते. माशाचे तसे नाही. पाणी जितके गरम, तितकाच मासा गरम. पाणी हळूहळू गार झाले तर त्याचे शरीर जुळवून घेते. पण २४ अंशांच्या पाण्यातून त्याला एकदम १७ अंशांच्या पाण्यात सोडले, तर त्याचा श्वास, रक्ताभिसरण, पचन, सारेच कोलमडते. त्या वेळी तो मेला नाही, तरी चार दिवसांनी अंगावर पांढरे ठिपके येऊन रोगी पडतो. म्हणून एका वेळी पाण्यात दोन अंशांहून अधिक फरक पडू देऊ नये.

आता आपण म्हणाल, एकाच गावचे पाणी, त्यात इतका फरक कसा? तर पाहा. विहिरीचे पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. खरे म्हणजे खोल विहिरीचे पाणी फारसे बदलत नाही. बदलते ती हवा. याउलट गच्चीवरच्या टाकीचे पाणी पौषातल्या पहाटे बर्फासारखे आणि वैशाखातल्या दुपारी हात भाजेल असे. माठातले पाणी झिरपून गार होते, ते तर सरळ टाकीत ओतूच नये.

गुरुजनांनी याचे गणित मुलांकडून करून घ्यावे. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, पाणी २५ उंच; म्हणजे ४५ लिटर. त्यातून वाळूचे पाच लिटर वजा करा, उरले ४०. या पाण्याचे तापमान २८ अंश आहे असे समजा. त्यातले १० लिटर काढून २० अंशांचे तितकेच नवे पाणी घातले, तर सारे पाणी २६ अंशांवर येते. अर्धे पाणी बदलले तर २४ वर. आणि आमच्यासारखे सगळेच बदलले तर थेट २० वर! पाणी थोडे बदलावे, आठवड्याला चौथा हिस्सा, याचे एक कारण या गणितात आहे.

उपाय अगदी साधा. आदल्या दिवशी संध्याकाळी दोन बादल्या भरून टाकीशेजारी ठेवा आणि वर पातळ फडके टाका. रात्रीतून ते पाणी खोलीच्या हवेशी बरोबरी करते. शिवाय ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते, तिचा क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. तोही उघड्या बादलीतून दिवसभरात बराचसा उडून जातो. वास येत असला तर आणखी एक दिवस थांबा. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेही असे ठेवल्याने सुधारते.

सकाळी तापमापी दोन्हीकडे बुडवून पाहा. ताप पाहायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो ३५ अंशांच्या पुढेच सुरू होतो. शाळेच्या विज्ञानपेटीतला घ्यावा. हातावर तर विश्वास ठेवूच नका. एक हात गरम आणि एक गार पाण्यात घालून मग दोन्ही कोमट पाण्यात बुडवा. एक म्हणेल गार, दुसरा म्हणेल गरम. बादली गार निघाली तर थोडे गरम पाणी बादलीत मिसळा, टाकीत नव्हे. आणि बरं का, हे गरम पाणी तांब्याच्या बंबातले किंवा हंड्यातले नको. तांब्याचा अंश आपल्याला चालतो, माशाला तो विष आहे. स्टीलच्या पातेल्यात तापवावे.

साहित्य फार लागत नाही. पाच-सहा फूट पारदर्शक नळी घ्या. तोंडाने ओढू नका. नळी पाण्याने भरून दोन्ही टोके अंगठ्याने दाबा, एक टोक टाकीत, दुसरे खाली ठेवलेल्या बादलीत, आणि अंगठे सोडा. नळीचे तोंड वाळूवर फिरवले की मळ आपोआप येतो. टोकाला जाळीचे कापड बांधा, कारण गप्पी पिलेच घालतो आणि ती नळीतून जातात. नवे पाणी भरताना बादली स्टुलावर ठेवून त्याच नळीने बारीक धार सोडावी. बादल्या माशांसाठीच वेगळ्या ठेवा. साबण-सोडा लागलेली बादली कितीही धुतली तरी मला तिचा भरवसा वाटत नाही. विजेचा हीटर असेल तर पाणी काढण्याआधी प्लग काढा आणि पंधरा मिनिटे थांबा. तापलेली काच उघडी पडली आणि तिच्यावर पाणी आले की ती तडकते. प्लग लावताना हात कोरडे हवेत, आणि हे काम मुलांना सांगू नये.

वाळू घासण्याची आमची चूकही मोठी होती. वाळूत आणि स्पंजात सूक्ष्म जिवाणू राहतात. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया ते निरुपद्रवी करतात. सगळे धुऊन टाकणे म्हणजे विरजणाचे भांडेच विसळून टाकण्यासारखे आहे. स्पंज पिळायचा तो काढलेल्या जुन्या पाण्यात. आमचे मासे गारठ्याने मेले, क्लोरीनने, की अमोनियाने, हे मी आजही सांगू शकत नाही. तिन्ही गोष्टी मी एकदमच केल्या होत्या.

उन्हाळ्याचे थोडे सांगतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणून दुपारी मासे वर येऊन तोंड मारतात. अशा वेळी बर्फ टाकू नका. टाकी उन्हातून हलवा, झाकण काढून वर जाळी घाला, पाणी संध्याकाळी बदला. आटलेल्या पाण्यावर नुसती भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. पाणी उडते, क्षार आत साचतात. काचेवर पांढरी रेघ दिसते ती त्यांचीच.

काढलेले पाणी मोरीत न ओतता परसबागेतल्या वांग्या-मिरच्यांना घाला. मासे फार झाले तर मात्र ते ओढ्यात सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, आपल्या ओढ्यातल्या लहान माशांची अंडी-पिले तो खातो. शेजारच्या शाळेला द्या, आणि देताना त्यांनाही सांगा की बादली आदल्या संध्याकाळी भरून ठेवा.